बाजाराची वाट विचारताना

उर्दूत ‘सवाल’ या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. वर्गात मूल हात वर करून विचारतं तो सवाल, आणि मशिदीच्या पायऱ्यांवर कुणी हात पसरतो तोही सवाल. मराठीत बरं आहे, विचारणं वेगळं आणि मागणं वेगळं. आपल्या घरांत दोन्ही भाषा नांदतात, पण या दोन अर्थांची गल्लत कधी झाली ते कुणाला कळलंच नाही. कुणापुढे सवाल करू नये, हे लहानपणापासून कानावर पडतं. देणारा हात घेणाऱ्या हाताहून श्रेष्ठ असल्याची हदीस घराघरांत माहीत आहे. ही शिकवण भीक मागण्याविरुद्ध आहे, आपण ती विचारण्यालाही लावून टाकली. जे ठाऊक नाही ते जाणकारांना विचारा, असं कुरआन सांगतो हे आपण सोयीने विसरतो.

याची झळ सर्वांत जास्त बसते ती घरी राहून स्वतःचं काम करणाऱ्या भगिनींना. मुंब्रा-कौसा, राबोडी, कल्याणचा दूधनाका, कुठेही जा. कुणी डबे देते, कुणी साड्यांना फॉल लावते, कुणी शिकवण्या घेते. नोकरीत अडलं तर शेजारच्या टेबलावर विचारता येतं. इथे मालकीण तीच, कारागीर तीच, हमाल तीच आणि उधारी वसूल करणारीही तीच. मुंब्र्याचं तर आणखी वेगळं. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं इथे राहायला आली. ओळखीचा किराणावाला, माप समजावणारी शेजारीण, अडीनडीला धावणारी खाला हे सगळं जुन्या मोहल्ल्यात राहिलं. नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं दार ठोठवायचं म्हणजे आधी ओळख सांगण्यापासून सुरुवात.

माझ्या एका विद्यार्थिनीची अम्मी कौशात कपडे शिवते. रमजानमध्ये ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणून तिने कापडं घेत राहायची आणि चांदरातीला दारात गिऱ्हाइकांची रांग लागायची. वरच्या मजल्यावर ननंद राहते, तुरपाईत तिचा हात साफ. तिला विचारायचं मात्र नाही, कारण ‘भाभीला झेपत नाही’ अशी बातमी सासरभर होईल. एका वर्षी दोन ड्रेस ईद उलटून गेल्यावर दिले गेले आणि ती दोन्ही गिऱ्हाइकं कायमची गेली. पुढच्या शाबानमध्येच तिने ननंदेला गाठलं. “जरा मदत कर ना” असं मोघम म्हटलं नाही. कटिंग आणि मशीन माझं, तुरपाई आणि काज-बटण तुझं, दर नगाला इतके पैसे, हिशेब दर जुम्याला. ननंद म्हणाली, “मी तर वाटच बघत होते. तुम्हीच कधी बोलला नाहीत.”

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) हिजरत करून मदीनेत आले तेव्हा रिकाम्या हातांनी आले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांचा बंधुभाव हजरत सअद बिन रबीअ (र.) यांच्याशी जोडून दिला. सअद यांनी आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुआ दिली, मालमत्ता घेतली नाही आणि विचारलं की बाजार कुठे आहे. बनू कैनुकाच्या बाजारात पनीर-तुपाचा व्यापार करून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे मदीनेतल्या मोठ्या धनवंतांत त्यांची गणना झाली. ही गोष्ट आपण खुद्दारीची म्हणून सांगतो. ती आहेच. पण बाजाराची वाट त्यांनाही दुसऱ्याला विचारावी लागली, इकडे आपलं लक्ष जात नाही.

अबू दाऊदमधला अन्सारी माणसाचा प्रसंगही असाच. तो मागायला आला तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याच्या घरातली एक चादर आणि एक भांडं मागवून दोन दिरहमना विकून दिलं. एका दिरहमचं अन्न घरी द्यायला सांगितलं आणि दुसऱ्याचं कुऱ्हाडीचं पातं आणायला लावलं. त्या पात्याला लाकडी दांडा स्वतःच्या हातांनी बसवून दिला. पंधरा दिवसांनी तो माणूस लाकडं विकून दहा दिरहम कमावून परतला.

अलीकडचं आणि जवळचं उदाहरण हवं असेल तर १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती गृहिणींनी गच्चीवर पापड लाटायला घेतले. भांडवल होतं ८० रुपये, तेही छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. दान घ्यायचं नाही, हा त्या बायकांचा सुरुवातीपासूनचा नियम. उसने घेण्यात मात्र त्यांना कमीपणा वाटला नाही. तोच आजचा लिज्जत पापड. गिरणगावात कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात बुडाल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेची वाट दाखवली. तारण ठेवायला काही नव्हतं, तेव्हा बायका एकमेकींना जामीन राहिल्या. व्याजाचा प्रश्न आपल्यासाठी वेगळा आहे, तो आपापल्या आलिमांना विचारावा. कर्ज-ए-हसना देणारे नातलग आजही सापडतात, फक्त रक्कम आणि परतीची मुदत लिहून ठेवायची. कुरआनातली सर्वांत लांब आयत, अल-बकराची २८२ वी, उधारी लिहून ठेवण्याविषयीच आहे. भावाकडे कागद कसा मागायचा, असं म्हणणाऱ्यांनी ती एकदा अर्थासह वाचावी.

काही वेळा न विचारल्याने पैसे थेट खिशातून जातात. छोट्या उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तरी आधार कार्ड आणि मोबाइल घेऊन एजंटला पैसे देणारे आपल्या गल्लीत कितीतरी आहेत. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा हेच काम थोड्या वेळात करून देईल, पण त्याला सांगायला संकोच वाटतो. गंमत अशी की त्याच मुलाला रिमोट बिघडला तर आपण बिनदिक्कत हाक मारतो.

सर्वांत अवघड मागणं घरातल्यांकडे असतं. सकाळी दहा डबे भरणारी बाई रिक्षावाल्याला, गिऱ्हाइकाला, दुकानदाराला सगळं सांगू शकते. अंथरुणात मोबाइल बघत पडलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला, “हे दोन डबे स्टेशनवर पोहोचव” एवढं तिला म्हणवत नाही. त्याचा अभ्यास असतो, त्याची झोप असते आणि ‘आईचं काम’ ही त्याच्या लेखी अजून कामात जमा नसते. अशा घरांत मी पालकसभेच्या निमित्ताने मुलांनाच विचारते, अम्मीचा धंदा कसा चाललाय, रोज किती डबे जातात? बहुतेकांना आकडा माहीत नसतो. मग घरी जाऊन विचारून यायला सांगते.