वयाचा आकडा आणि देहाचे बळ

रुग्णालयाच्या केसपेपरवर नावाशेजारी वयाचा जो आकडा टाकलेला असतो, तोच पुढे कित्येकदा रुग्णाच्या उपचारांचा निकाल लावून जातो, आणि कर्करोगाच्या बाबतीत ही रीत फार काळ कोणाला खटकली नव्हती. पंचाहत्तरी उलटलेल्या गृहस्थाला अर्बुद झाल्याचे निष्पन्न झाले, की 'आता या वयात कशाला त्यांचे हाल' एवढ्या एका वाक्यावर, रोज पहाटे दूरवर फिरून येणाऱ्या आणि आपले सर्व व्यवहार आपण पाहणाऱ्या त्या काटक माणसाला जो इलाज सहज मानवला असता, तो नाकारला जाई. आणि उलटपक्षी, मधुमेहाने व हृद्रोगाने पासष्टीतच आतून पोखरलेल्या, एक जिना चढताना दोनदा कठड्याला टेकणाऱ्या दुसऱ्या कोणाला, तो काही फार म्हातारा नाही एवढ्याच आधारावर, तरुणासाठी ठरवलेली मात्रा पुरेपूर दिली जाई. एकाची जगण्याची संधी हुकली आणि दुसऱ्याला औषधानेच अंथरुणाला खिळवले. हे दोन्ही प्रमाद, परस्परविरुद्ध दिसत असले तरी, देहाचे बळ जन्मतारखेवरून अजमावण्याच्या एकाच सवयीतून उपजलेले आहेत.

तारुण्यात प्रत्येक अवयवापाशी नित्याच्या गरजेहून पुष्कळ अधिक सामर्थ्य राखून ठेवलेले असते, म्हणून तापाने, शस्त्रक्रियेने किंवा विषारी औषधाने घातलेला घाव भरून काढता येतो. हे राखीव बळ वयाबरोबर उणावत जाते, परंतु सर्वांचे सारख्या वेगाने उणावत नाही, आणि ते संपत आल्याचे वरवर पाहणाऱ्याला समजतही नाही, कारण नित्याचे व्यवहार उरलेल्या थोड्या बळावर चाललेले असतात. वृद्धापकाळातील क्षीणता, जिला डॉक्टर मंडळी फ्रेल्टी म्हणतात, ती हीच. रक्ततपासणीनेही येथे फसगत होते. मूत्रपिंडाचे काम अजमावण्यासाठी ज्या क्रिॲटिनिनचा आकडा पाहतात ते द्रव्य स्नायूंत उत्पन्न होते. ज्या आजींचे स्नायूच झिजून गेले आहेत त्यांच्या रक्तात ते मुळातच कमी, म्हणून मूत्रपिंडे अर्धी थकलेली असतानाही अहवालावर आकडा निर्दोष दिसतो, आणि कार्बोप्लॅटिनसारखे मूत्रावाटे बाहेर पडणारे औषध त्यांच्या देहात अपेक्षेहून अधिक काळ रेंगाळते.

वृद्धांची अशी बारकाईने विचारपूस करण्याची परंपरा कर्करोगाच्या वैद्यकातून आलेली नाही. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात १९३५ साली डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे निर्धनांच्या आश्रमाला जोडलेला एक रुग्णविभाग सोपवण्यात आला. तेथे शेकडो वृद्ध वर्षानुवर्षे नुसते खाटेवर पडून होते. या बाईंनी एकेकाची स्वतंत्र तपासणी केली, कोणाला काय होते आहे आणि कोणाला काय करता येईल याची वर्गवारी लावली, आणि ज्यांना 'असाध्य' म्हणून बाजूला सारले होते त्यांच्यापैकी कित्येकांना उठवून, चालते करून घरी पाठवले. रोग, औषधे, चालणे, खाणे, स्मृती, मनःस्थिती आणि घरची परिस्थिती या सर्वांचा एकत्र तपास करणारे जे सांगोपांग वार्धक्य-परीक्षण आज रूढ आहे, त्याचे मूळ या विभागात सापडते. कर्करोगाच्या डॉक्टरांजवळ मात्र दीर्घकाळ १९४९ सालची कार्नोफ्स्की श्रेणी आणि तिच्यासारखीच एखादी सुटसुटीत मोजपट्टी एवढेच साधन होते. रुग्ण हिंडतो-फिरतो का आणि दिवसाचा किती वेळ अंथरुणात घालवतो, एवढे तिच्यावरून कळे. गेल्या महिन्यात तो न्हाणीघरात पडला होता काय, हे कळत नसे.

अडचण अशी, की सांगोपांग परीक्षणाला तासभर लागतो आणि गर्दीने तुंबलेल्या ओपीडीत तासभर कोणाजवळच नसतो. म्हणून आधी एक चाळणी लावावी, आणि तिच्यात जे अडकतील त्यांचेच पूर्ण परीक्षण करावे, अशी तजवीज निघाली. अशा चाळण्या अनेक आहेत, पण सर्वांत प्रचलित झाली ती फ्रान्समध्ये तयार झालेली 'जी-८' नावाची आठ प्रश्नांची. तिला पाचएक मिनिटे पुरतात, यंत्र लागत नाही, आणि एखादी शिकवून तयार केलेली परिचारिका ती उत्तम प्रकारे भरून घेते. गेल्या तीन महिन्यांत भूक मंदावली आहे का, वजन किती उतरले, घराबाहेर पडता येते का, विस्मरण वा औदासीन्य आहे का, उंचीच्या मानाने वजन म्हणजे देहभारांक किती, रोज तीनहून अधिक औषधे चालू आहेत का, आपल्याच वयाच्या इतरांच्या तुलनेत आपली प्रकृती कशी वाटते, आणि शेवटी वय. एकूण गुण १७. १४ किंवा त्याहून कमी पडले तर पुढील परीक्षणाची शिफारस. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती ही, की ज्या वयाने आजवर सगळा निकाल लावला त्याच्या वाट्याला १७ पैकी अवघे २ गुण आले आहेत, तर वजनातील घटीला ३. स्वतःच्या प्रकृतीविषयी 'सांगता येत नाही' असे उत्तर देणाऱ्यालाही येथे अर्धा गुण मिळतो. कारकुनी नमुन्यात एवढे औदार्य सहसा आढळत नाही.

चाळणी म्हटली की चुकाही आल्याच. समजा, आपल्याकडचा एक ८१ वर्षांचा शेतकरी आहे, जन्मभर शिडशिडीत, देहभारांक २०, बाकी सर्व बाबतींत ठणठणीत. सडसडीत बांध्यापायी त्याचे दोन गुण गेले, वयापायी एक, आणि नेमके १४ उरून तो 'क्षीणतेच्या संशयितां'त जमा झाला. म्हणूनच चाळणीचा निकाल हा अंतिम निवाडा नव्हे, ती पुढच्या चौकशीची नोटीस होय. पूर्ण परीक्षणात हा गृहस्थ हातांच्या आधाराविना खुर्चीतून उठून, तीन मीटर चालून, वळून परत येऊन झटकन बसला, की त्याची त्या संशयातून मुक्तता व्हावी. पुढची चौकशीच जिथे व्हायची नाही, तिथे आठ प्रश्नांचा कागद भरणे म्हणजे दप्तराची जाडी वाढवणे.

प्रश्न विचारण्यातही प्रदेशाप्रदेशाचे भान हवे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१८ पासून वृद्ध कर्करुग्णांसाठी स्वतंत्र विभाग चालतो आणि तेथे साठीपासूनच्या रुग्णांचा विचार होतो. पाश्चात्य देशांत ही रेषा पासष्ट वा सत्तरीवर असते. स्वावलंबन मोजण्याची लॉटन यांची १९६९ सालची प्रश्नावली स्वयंपाक, कपडे धुणे, खरेदी, पैशांचा हिशेब, दूरध्वनी यांविषयी विचारते. ज्या आजोबांनी उभ्या आयुष्यात चहाचे आधणसुद्धा ठेवलेले नाही त्यांना स्वयंपाक 'जमत नाही' म्हणून दुर्बल ठरवावे काय? मूळ प्रश्नावलीतही पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणे यांतून सूट दिलेली होती, म्हणजे हा प्रश्न केवळ आपल्याच घरांतला नव्हे. कागदावर घड्याळाचे काटे काढायला सांगून स्मृतीची परीक्षा घेतात, तीही ज्याच्या हातात पेन्सिल कधी आली नाही त्याच्यावर अन्याय करणारी ठरते. आणि सर्वांत मोठा घोटाळा असा, की आपल्याकडे रुग्णाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सोबत आलेला मुलगा किंवा सून देते. 'बाबांना काही त्रास नाही, सगळं व्यवस्थित आहे,' असे मुलगा मोठ्या विश्वासाने सांगतो; बाबा रात्री तीनदा उठतात आणि अंधारात भिंत धरून चालतात, याची त्याला गंधवार्ता नसते. उलट मुलांना खर्चात पाडू नये म्हणून दुखणे लपवणाऱ्या आयाही कमी नाहीत. तेव्हा निदान काही प्रश्न तरी रुग्णाला एकट्याला विचारले गेले पाहिजेत.

या साऱ्या खटाटोपाचा लाभ किती, याचे उत्तर आता बऱ्यापैकी मिळाले आहे. अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या, कर्करोग बळावलेल्या ७१८ रुग्णांची एक पाहणी २०२१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. काही केंद्रांतील डॉक्टरांना वार्धक्य-परीक्षणाचा गोषवारा आणि त्यावरच्या सूचना हाती देण्यात आल्या, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे काम करू दिले. नेहमीच्या रीतीत १०० पैकी ७१ रुग्णांना औषधांचे गंभीर दुष्परिणाम भोगावे लागले, गोषवारा हाती असलेल्यांकडे ५१ जणांना. पडण्याचे प्रमाणही २१ वरून १२ वर आले. डॉक्टरांनी पहिली मात्रा अधिक वेळा कमी ठेवली होती, तरी रुग्णांच्या आयुर्मर्यादेत त्यामुळे घट झाली नाही. ती वाढलीही नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे. कॅलिफोर्नियातील डॉ. आरती हुरिया यांनी २०११ साली केमोथेरपीच्या दुष्परिणामांची जोखीम आधीच वर्तवणारी जी अकरा बाबींची गणनपद्धती मांडली, तिच्यातही वय, मूत्रपिंडाचे कार्य आणि हिमोग्लोबिनचे प्रमाण यांच्या पंक्तीला 'गेल्या सहा महिन्यांत पडलात काय' हा प्रश्न सन्मानाने बसलेला आहे.

क्षीणता आढळली म्हणजे इलाज बंद, असा समज मात्र करून घेऊ नये. तसे झाले तर वयाच्या आकड्याची जागा दुसऱ्या आकड्याने घेतली एवढेच होईल. पुष्कळदा तिच्यावर उपाय असतो, आणि तो अगदी मामुली असतो: तीन वैद्यांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या, परस्परांना मारक ठरणाऱ्या गोळ्यांतून अनावश्यक गोळ्या काढून टाकणे, डाळ-अंडी-दूध यांचे प्रमाण वाढवणे, नीट बसत नसलेली दातांची कवळी बदलून देणे, पायांच्या स्नायूंसाठी व्यायाम शिकवणे, ऐकू येत नसेल तर श्रवणयंत्राची सोय करणे. शस्त्रक्रिया थोडी थांबण्यासारखी असेल तर या तयारीसाठी दोन-तीन आठवडे घेता येतात. केमोथेरपी एकदम पूर्ण मात्रेने न देता कमी मात्रेने सुरू करून, मानवल्यास वाढवता येते. आणि कोठे कोठे रुग्णाला काय हवे आहे, चार महिने अधिक की आपल्या पायांनी अंगणापर्यंत जाण्याची ताकद, हे विचारल्यावर साऱ्या योजनेची दिशाच बदलते.

तेव्हा वडीलधाऱ्यांना घेऊन तपासणीला निघताना घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, काढ्यांच्या बाटल्यांसह, एका पिशवीत घालून न्याव्यात, सहा महिन्यांपूर्वीचे वजन कोठे टिपलेले असल्यास ते सोबत ठेवावे, आणि वडीलधारे घरात पडले असतील तर ती हकीकत, त्यांना आवडो न आवडो, डॉक्टरांच्या कानावर घालावी. हे परीक्षण एकदाच होऊन भागत नाही. दोन-तीन मात्रांनंतर देह पूर्वीचा राहिलेला नसतो, आणि तेच प्रश्न पुन्हा नव्याने विचारावे लागतात.