मिठाला जागणारी फुलं

माझ्या गावाचं नाव करडी. भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात. धानाची शेती, मधूनमधून बोड्या आणि घराघरासमोर अंगण. आमच्या अंगणात आईचा गावठी गुलाब आहे. दिसायला साधा, फिकट गुलाबी, पण वास असा की शेजारी विचारायला येतात. आईनं तो तिच्या माहेराहून फांदी आणून वाढवला. मी पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा तिनं त्याचंच एक रोप ओल्या पोत्यात गुंडाळून दिलं. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये रात्रभर ते मी मांडीवर घेऊन बसले होते. लॅपटॉप सीटखाली, गुलाब मांडीवर!

पुण्यात आल्यावर मी त्याचे काय लाड केले म्हणून सांगू! छान मातीची कुंडी, खाली मॅचिंग बशी, ऑनलाइन मागवलेलं खत. पाणीसुद्धा 'इको-फ्रेंडली'. वॉटर प्युरिफायरमधून जे पाणी वाया जातं, ते बादलीत साठवून रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी घालायचं. एक थेंब वाया नाही. केवढा अभिमान होता मला त्याचा!

चार महिन्यांत गुलाबाच्या पानांच्या कडा करपल्या. आधी टोकं तपकिरी, मग कडा, मग पान गळून खाली. मला वाटलं पाणी कमी पडतंय. मी आणखी घातलं. वाटलं खत कमी आहे. तेही आणखी घातलं. कळ्या उमलण्याआधीच वाळायला लागल्या. आई फोनवर विचारायची, ‘‘गुलाब कसा आहे वो?’’ मी म्हणायची, ‘‘मस्त!’’ आईशी खोटं बोलायची ही काही पहिली वेळ नव्हती, पण एका झाडाबद्दल पहिलीच.

दिवाळीनंतर आई पुण्याला आली. चहाचा कप हातात घेऊन थेट बाल्कनीत. कुंडीच्या काठावर पांढरी पापडी जमली होती. मला तो कुंडीचा 'रस्टिक लुक' वाटायचा. आईनं ती नखानं खरवडली आणि चक्क जिभेवर ठेवली.

‘‘काहून वो, गुलाबाले खारं पानी पाजतेस काय?’’

त्या संध्याकाळी मी टीडीएस मीटर मागवला. पेनासारखं छोटं यंत्र, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअरवेलचं मिश्र पाणी येतं. नळाचं पाणी ६४०. प्युरिफायरचं पिण्याचं पाणी ४५. आणि माझं ते इको-फ्रेंडली, वाया न घालवलेलं पाणी? ८९०! हे सगळे आकडे लिटरमागे मिलिग्रॅम. साधा हिशेब आहे. प्युरिफायर क्षार नाहीसे करत नाही, फक्त बाजूला काढतो. आपल्या ग्लासातून गेलेले क्षार त्या बादलीत येतात.

आता पुढचं गणित. रोज अर्धा लिटर पाणी म्हणजे महिन्याला साधारण १३ ग्रॅम क्षार, सुमारे दोन चमचे. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. बशीत साठलेलं पाणी माती पुन्हा वर खेचते, त्यामुळे तेही बाहेर पडत नाहीत. वरून खत, आणि रासायनिक खतसुद्धा शेवटी क्षारच! मी चार महिने त्या बिचाऱ्या गुलाबाचं लोणचं घालत होते.

कैरीला मीठ, गुलाबाला तहान

लोणच्याचं उदाहरण उगाच दिलं नाही. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, कारण पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जातं. कुंडीतली माती खारट झाली की मुळांना पाणी ओढणं जड जातं. माती ओली, झाड मात्र तहानलेलं! दुसरा मार त्यामागून येतो. सोडियम आणि क्लोराइड पाण्याबरोबर पानात चढतात. पानातून पाणी वाफ होऊन निघून जातं, हे मागे उरतात आणि टोकांशी-कडांशी साचतात. म्हणून करपणं तिथूनच सुरू होतं.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या क्षार-प्रयोगशाळेनं १९५४ मध्ये यावर हँडबुक काढलं. आपल्याकडे हरियाणात कर्नाल इथे १९६९ पासून केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९८५ च्या निकषांप्रमाणे सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे ४५० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असतील तर चिंता नाही. ४५० ते २००० म्हणजे जपून. २००० च्या वर म्हणजे गंभीर. गुलाब मात्र नाजूक लोकांच्या यादीत. 'जपून'ची पाटी त्याच्यासाठी फार लवकर लागते.

माझी ऑफिसातली मैत्रीण दर्यापूरकडची. मी तिला हे सगळं रंगवून सांगितलं तर ती हसली. ‘‘तुम्ही भंडाऱ्याचे लोक गोड्या पाण्याचे. आमचं बालपणच खारं गेलं!’’ पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलाय. तिथल्या विहिरींचं पाणीच खारं. माझ्यासाठी जो बाल्कनीतला प्रॉब्लेम, तो तिथे गावच्या गाव रोज जगतात. तिथे कापूस होतो, कारण कापूस खारेपणाला बऱ्यापैकी दाद देत नाही. गंमत म्हणजे आपली जास्वंद कापसाच्याच कुळातली! पण एक बहीण मिठाला पुरून उरते आणि दुसरी लगेच पानं पिवळी करते.

मग तग कोण धरतं?

मिठाशी जमवून घेणाऱ्या झाडांच्या साधारण तीन युक्त्या असतात. काही मुळाशीच सोडियमला अडवतात. काही ते आत घेतात, पण जाड, रसाळ पानांच्या पेशींत कोंडून ठेवतात. आणि काही पानांवरच्या ग्रंथींतून सरळ बाहेर टाकतात. खाडीकाठच्या तिवराच्या पानांवर म्हणूनच मिठाचे कण चमकतात. २०२० मध्ये महाराष्ट्रानं पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष जाहीर केला. खाऱ्या चिखलात उभा राहून तो रात्री पांढरीशुभ्र फुलं उमलवतो.

चिप्पी काही बाल्कनीत लावता येणार नाही. पण बोगनवेल येते, आणि ती या बाबतीत एकदम दणकट. कण्हेरही चिवट, पण तिचा प्रत्येक भाग विषारी. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर नकोच. चाफा समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातही फुलतो. आणि माझी लाडकी ऑफिस टाइम! हो, तीच, ऊन चढलं की उमलणारी. आपण लॉग-इन करतो तेव्हा ती फुलते. जाड, पाणीदार पानांची ही छोटी झुडपं ज्या पाण्यात गुलाब मान टाकतो, त्यातही हसत असतात.

एवढं करून बघा

• कुंडीखालची बशी काढा. भोक मोकळं आहे ना, बघा.

• काठावरची पांढरी पापडी आणि वरची बोटभर माती काढून टाका.

• महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट मापाचं कमी क्षारांचं पाणी हळूहळू ओता आणि पूर्ण निथळू द्या. पावसाचं मिळालं तर सोन्याहून पिवळं.

• रोज घोटभर पाजण्यापेक्षा माती थोडी सुकल्यावर भरपूर पाणी द्या.

• प्युरिफायरचं उरलेलं पाणी फरशी पुसायला, फ्लशला वापरा. नाजूक झाडांना नको.

• सोसायटीत सॉफ्टनर असेल तर सावध. तो कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालतो. मीटरवर फारसा फरक दिसत नाही, पण झाडाला कळतो.

गुलाबाचं काय झालं? आईनं आणि मी मिळून कुंडी धुतली, माती बदलली. दोन फांद्या वाचल्या. पण पुढचा उन्हाळा आला, टँकर वाढले, मीटरचा आकडाही वाढला. मी पिण्याचं पाणी गुलाबाला घालायला लागले. म्हणजे एका झाडासाठी प्युरिफायर आणखी चालवायचा आणि आणखी पाणी वाया घालवायचं! एका रात्री आईला फोनवर सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, रागावेल. ती म्हणाली, ‘‘पानी पाहून झाड लावाव लागते, बाई. त्याले घरी आन.’’

तेव्हा आठवलं. करडीला आमच्या मोरीचं पाणी कर्दळ आणि अळूकडे जातं. तांदूळ धुतलेलं पाणी गुलाबाला. आईनं कधी मीटर पाहिला नाही, पण कुठलं पाणी कुणाला, हे तिच्या अंगणात ठरलेलं आहे. मीच शहरात येऊन सगळ्यांना एकाच बादलीतून पाजत होते.

जूनमध्ये गुलाब परत मांडीवर बसून करडीला गेला. आता अंगणात आपल्या आईशेजारी उभा आहे. मी मोकळ्या हातानं परतणार होते, पण मनात एक गोष्ट घोळत होती. आमच्या गावाचं नाव करडी आणि करडी म्हणजे करडईसुद्धा! तीच, तेलाची. तिची पिवळी-केशरी फुलं जगभर पुष्परचनेत वापरतात, सुकवूनही. आणि ती खारेपणा बऱ्यापैकी सोसते. काटे मात्र बोचतात. पण फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं 'नारी-६' हा बिनकाट्यांचा वाण काढलाय. त्याच्या पाकळ्यांचा चहाही होतो.

ऑक्टोबरमध्ये खोल कुंडीत बी पेरलं, कारण तिचं सोटमूळ खोल जातं. पाणी बेतानं, कारण साचलेलं पाणी तिला अजिबात चालत नाही. जानेवारीत एका सकाळी ऑफिसला निघताना बघते तर पहिलं फूल. पिवळंधमक.

फोटो आईला पाठवला. तिचा लगेच फोन. ‘‘हे तर करडी हाये!’’

हो आई. पुण्यातली.