मालक नसलेल्यांची सत्ता

सॅन होजे, कॅलिफोर्निया : सिलिकॉन व्हॅलीत कंपनी उभी करायची तर गुंतवणूकदाराच्या दारात जावंच लागतं. २०१७च्या उन्हाळ्यात इथल्या काही उद्योजक महिला नावानिशी पुढे आल्या आणि भांडवलाच्या बोलण्यांच्या आडून आपल्याकडे काय मागितलं गेलं, ते त्यांनी जाहीरपणे सांगितलं. पण दाद कुठे मागायची? गुंतवणूकदार काही त्यांचा मालक नव्हता. अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण नोकरीपुरतं आहे, तेही किमान १५ कर्मचारी असलेल्या ठिकाणी. लैंगिक छळ हा लिंगभेदच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली मान्य केलं, तेही याच चौकटीत.

कॅलिफोर्नियाच्या नागरी संहितेतलं कलम ५१.९ या चौकटीबाहेर जातं. १९९४ साली केलेल्या या कलमात नोकरीचा प्रश्नच येत नाही. डॉक्टर आणि रुग्ण, वकील आणि अशील, घरमालक आणि भाडेकरू, शिक्षक आणि विद्यार्थी, कर्ज मंजूर करणारा अधिकारी आणि कर्जदार अशी नाती त्यात उदाहरणादाखल दिली आहेत; त्यांच्याशी मिळतीजुळती इतर नातीही चालतात. तक्रारदार स्त्रीच असावी, अशीही अट नाही.

मूळ कायद्यात मात्र एक अट होती, आणि माझ्या मते ती अन्यायाची होती. हे नातं आपल्याला सहजासहजी तोडता येत नव्हतं, हे तक्रारदाराला सिद्ध करावं लागे. म्हणजे छळ दुसऱ्याने करायचा आणि ‘तू निघून का गेली नाहीस’ याचं उत्तर तिने द्यायचं. राज्याच्या सिनेटर हॅना-बेथ जॅक्सन यांनी मांडलेल्या विधेयकावर राज्यपाल जेरी ब्राउन यांनी सप्टेंबर २०१८मध्ये सही केली आणि ही अट गेली. शिवाय यादीत गुंतवणूकदार, लोकप्रतिनिधी, लॉबीस्ट, दिग्दर्शक आणि निर्माता यांची भर पडली.

निर्मात्याचा उल्लेख का आला, हे सांगायला नकोच. अभिनेत्री अॅशली जड यांनी निर्माते हार्वी वाइनस्टीन यांच्यावर याच कलमाखाली दावा लावला होता. लैंगिक मागणीला नकार दिल्यावर वाइनस्टीन यांनी आपली बदनामी करून भूमिका घालवली, असं जड यांचं म्हणणं. आरोपातल्या घटना १९९०च्या दशकातल्या, म्हणून जुनंच कलम लागू होतं; त्यात हे नातं बसत नाही, असं म्हणून खालच्या न्यायालयाने कलमाखालची मागणी फेटाळली. जुलै २०२०मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला : उमेदीतली अभिनेत्री आणि बडा निर्माता यांच्यातली सत्तेची दरी जुन्या यादीतल्या नात्यांसारखीच आहे, म्हणून दुरुस्तीपूर्वीचं कलमही इथे लागू होतं.

भारतातल्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यातही तक्रारदार महिला तिथे नोकरीला असलीच पाहिजे, असं नाही. बँकेत गेलेली ग्राहकही तक्रार करू शकते. पण ती तक्रार कामाच्या ठिकाणाशी आणि तिथल्या समितीशी बांधलेली असते. कॅलिफोर्नियात छळ झालेली व्यक्ती थेट दिवाणी न्यायालयात जाते. प्रत्यक्ष नुकसानभरपाईशिवाय जरब बसवणारी भरपाई आणि वकिलाचा खर्च मिळू शकतो.

तरी एक भिंत उभीच आहे. वागणूक ‘वारंवार किंवा गंभीर’ होती हे सिद्ध करावं लागतं. २००९च्या एका खटल्यात मुलाच्या नावच्या ट्रस्टच्या विश्वस्ताने त्या मुलाच्या आईशी एकाच दिवशी, आधी फोनवर आणि मग संध्याकाळी एका कार्यक्रमात, अत्यंत ओंगळ बोलणं केलं, अशी तक्रार होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते पुरेसं मानलं नाही आणि नोकरीच्या कायद्यातलीच मोजपट्टी या कलमालाही लावली. पुढे राज्याच्या नोकरीच्या कायद्यात, २०१९पासून, एक प्रसंगही पुरेसा ठरू शकतो असं विधिमंडळाने लिहून ठेवलं. कलम ५१.९मध्ये तसं वाक्य नाही. ज्या भाडेकरूचं घर किंवा ज्या उद्योजिकेचं भांडवल एका माणसाच्या सहीवर अडलेलं असतं, तिच्यासाठी ते वाक्य तितकंच गरजेचं आहे.