ब्रेक सुटतच नाही, तेव्हा...

मैत्रिणींनो, 'ब्रेक लागत नाही' म्हटलं की छातीत धस्स होतं. पण 'ब्रेक सुटत नाही' हे कुणी फारसं मनावर घेत नाही. मीही घेतलं नव्हतं. गेल्या दिवाळीत मात्र चांगलाच धडा मिळाला.

आमची गाडी छोटी, २००६ सालची. शाळेत जायला, बाजाराला मीच चालवते. गणपतीनंतर ती जड वाटू लागली. सोसायटीच्या उतारावर न्यूट्रल केली की पूर्वी आपोआप घरंगळायची, ती आता जागची हलेना. पेट्रोलही जास्त लागू लागलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुझा पाय सारखा ब्रेकवर राहत असेल." राग आला खरा, पण वाटलं, असेलही!

दिवाळीत साताऱ्याहून माहेरी, चिपळूणला निघालो. गाडी मीच चालवत होते, मागे मुलं. कोयनानगरच्या पुढे करपल्यासारखा वास आला. कुंभार्ली घाट उतरताना एका वळणावर पेडल एकदम मऊ पडलं आणि खाली गेलं. माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं! पेडल भराभर तीन-चारदा दाबलं, गिअर दुसरा, मग पहिला टाकला आणि हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेला घेतली. पुढच्या डाव्या चाकातून धूर निघत होता.

झालं होतं ते असं. त्या चाकाचा ब्रेक सुटतच नव्हता. सतत घासून तो तापला आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचली. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. 'डॉट ३' जातीचं नवं ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळत नाही. ओलावा मुरला की हीच मर्यादा १४० अंशांच्या आसपास येऊ शकते. उकळल्यावर वाफ होते, पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यात जातो आणि ब्रेक लागत नाही. म्हणजे न सुटणारा ब्रेकच शेवटी न लागणारा ब्रेक होतो!

खालून मिस्त्री बोलावला. गाडी गार झाल्यावर त्याने जॅक लावला. चाक हाताने फिरेना. मग त्याने ब्रेकचा निपल पान्याने किंचित सैल केला. चिळकन ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं! "ताई, रबरी नळी आतून सुजलीय. ऑइल दाबाने पुढं जातं, पण परत येत नाही," तो म्हणाला. निपल सोडूनही चाक अडलेलंच राहिलं असतं, तर दोष गंजलेल्या पिस्टनचा किंवा कॅलिपरच्या सुकलेल्या पिनांचा ठरला असता.

ही परीक्षा मिस्त्रीचीच. पण पुढचं आपल्यालाही पाहता येतं.

१. चार-पाच किलोमीटर, शक्यतो ब्रेक न दाबता गाडी चालवा. सपाट जागी थांबून प्रत्येक चाकाजवळ हात न्या. लावू नका, भाजेल. एकच चाक जास्त तापलं असेल, तर दोष तिथेच.

२. मागची दोन्ही तापली असतील, तर हँडब्रेकची केबल गंजून अडकली असण्याचा संभव जास्त.

३. चारही तापली असतील, तर पेडल हाताने दाबून पाहा. सुरुवातीला थोडी मोकळी चाल हवी. ती नसेल, तर मास्टर सिलिंडर तपासून घ्या.

४. जॅक लावायचा तो सपाट जागीच, बाकीच्या चाकांना दगड लावून. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका.

काही पथ्यंही सांगते. तापलेल्या चाकावर गार पाणी ओतू नका. डिस्क वाकते किंवा तडकते. ड्रममधली भुकटी फुंकू नका. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. कॅलिपरच्या पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस हवं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. नळी बदलायची तर दोन्ही बाजूंची बदला. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी नवं घाला, आणि ते गाडीच्या रंगावर सांडू देऊ नका. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. हँडब्रेक ओढून ठेवला तर लायनर ड्रमला चिकटतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं, गाडी रोज चालवणारीला तिचा जडपणा आधी कळतो. कुणी काही म्हणो, आपल्या पायाला जे जाणवतं त्यावर विश्वास ठेवा. आता मी "गाडी जड वाटते" म्हटलं, की हे आधी खाली उतरून चाकाजवळ हात नेऊन पाहतात!