संकटग्रस्ताला वाचविण्याचे कर्तव्य : ज्यू धर्मशास्त्राची भूमिका

नदीत बुडणाऱ्या माणसाकडे काठावरून नुसते पाहत राहणारा कायद्याने दोषी ठरतो काय? इंग्लिश कॉमन लॉच्या परंपरेचे सर्वसाधारण उत्तर 'नाही' असे आहे. पालकत्वासारखा विशेष संबंध असल्याखेरीज अनोळखी व्यक्तीला वाचविण्याचे बंधन ही परंपरा घालत नाही. ज्यू धर्मशास्त्राचे, म्हणजेच हलाखाचे, उत्तर याहून वेगळे आहे.

तोराहमधील (तौरात) 'लेवीय' या ग्रंथाच्या १९ व्या अध्यायातील १६ वे वचन दुसऱ्याच्या जिवावर बेतले असता स्वस्थ उभे राहण्यास मनाई करते. बाबिलोनी तालमूदच्या सॅनहेड्रिन या भागात (७३अ) त्याची तीन उदाहरणे येतात : बुडणारा, हिंस्र पशूने ओढून नेलेला आणि लुटारूंनी गाठलेला. त्यावर रब्बी एक शंका उपस्थित करतात. हरवलेली वस्तू मालकाला परत करण्याची आज्ञा 'अनुवाद' ग्रंथात (२२:२) आहेच. वस्तू परत करावयाची, तर माणसाचा जीवही त्याला परत मिळवून द्यावा, हे त्यातूनच निघते. मग वेगळी आज्ञा कशासाठी? याचे उत्तर असे, की पहिल्या आज्ञेने केवळ स्वतः धावून जाण्याचे बंधन येते, तर दुसरीने मोबदला देऊन इतरांना मदतीस आणण्याचेही येते. अर्थात, स्वतःला पोहता येत नाही ही सबब पुरेशी ठरत नाही. वाचलेल्या व्यक्तीची ऐपत असल्यास तिने हा खर्च भरून द्यावा, असे मत रब्बी आशेर बेन येहिएल यांनी नोंदविले आहे.

या कर्तव्याला मर्यादाही आहे. वाळवंटात दोघे प्रवासी असून एकापुरतेच पाणी असेल, तर ज्याच्याजवळ पाणी आहे त्याचा जीव प्रथम, असे रब्बी अकिवा यांचे मत होय (बावा मेत्सिया ६२अ).

मैमोनिडीस (मूसा इब्न मैमून, मृत्यू १२०४) यांनी 'मिश्ने तोरा' या ग्रंथात हा नियम हत्येविषयीच्या प्रकरणात घातला. कोणाविरुद्ध कट शिजत असल्याचे कळूनही त्याला सावध न करणारा त्यांच्या मते आज्ञाभंगच करतो. मात्र येथे प्रत्यक्ष कृती घडलेली नसल्याने फटक्यांची शिक्षा नाही. तरीही हा अपराध अत्यंत गंभीर मानला आहे. इस्रायलने १९९८ मध्ये याच वचनातील शब्दांचे नाव देऊन कायदा केला. त्यानुसार स्वतःला वा इतरांना धोका नसल्यास मदत करणे बंधनकारक असून, कसूर केल्यास दंड होतो. अधिकाऱ्यांना कळविणे हीदेखील मदतच मानली जाते.

एक जीव वाचविणे म्हणजे अवघे जग वाचविणे, हा विचार मिश्नामध्ये (सॅनहेड्रिन ४:५) आढळतो. कुरआनच्या सूरह अल-माइदामध्येही (५:३२) एका जीवाचे रक्षण हे सर्व मानवजातीच्या रक्षणासमान ठरविताना बनी इस्राईलला दिलेल्या आदेशाचाच उल्लेख आहे. दोन्ही परंपरांच्या तौलनिक अध्यापनासाठी हा समान आधार उपयुक्त ठरेल.