समुद्रातल्या वाऱ्याची शाळा

डेन्मार्कच्या लोलँड बेटाजवळ, विंडेबी गावासमोरच्या उथळ समुद्रात १९९१ साली अकरा पवनचक्क्या उभ्या राहिल्या. समुद्रातला हा जगातला पहिला पवनऊर्जा प्रकल्प. एकेक चक्की ४५० किलोवॅटची. सगळ्या मिळून क्षमता जेमतेम ५ मेगावॅट. तेवढ्याशा विजेसाठी समुद्रात काँक्रीटचे पाये कशाला घालायचे, असा प्रश्न कोणालाही पडावा. पण विंडेबी उभारलं गेलं ते शिकण्यासाठी. खाऱ्या हवेपासून जपायला ट्रान्सफॉर्मर टॉवरच्या पोटात घेतले, लाटांचं पाणी शिरू नये म्हणून दारं नेहमीपेक्षा उंचावर बसवली आणि वाऱ्याच्या नोंदी घेण्यासाठी दोन स्वतंत्र मनोरे रोवले. समुद्रावरचा वारा वेगवान आणि एकसारखा असतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली ऊर्जा आठपट होते. सगळा खटाटोप त्याचसाठी होता.

पुढचा अभ्यासक्रम सोपा नव्हता. २००० साली कोपनहेगनसमोर मिडलग्रुंडनच्या वीस चक्क्या फिरू लागल्या. त्यांतल्या निम्म्या हजारो सभासदांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या. उत्तर समुद्रातल्या हॉर्न्स रेव्हवर २००२ मध्ये ८० चक्क्या उभ्या राहिल्या. दोनच वर्षांत ट्रान्सफॉर्मर आणि जनित्रं बिघडली, आणि दुरुस्तीसाठी सगळ्या ८० चक्क्यांचे माथे उतरवून किनाऱ्यावर आणावे लागले. हा जबर फटका होता. तरीही डेन्मार्कने माघार घेतली नाही.

यंत्र कसं वाढलं, ते पात्यात दिसतं. इंग्लंडमधल्या हल बंदरात २०१६ पासून पाती बनवण्याचा कारखाना चालतो. तिथे लांबलचक साच्यात कामगार काचतंतूंचे थर आणि हलक्या बाल्सा लाकडाचे तुकडे हातांनी अंथरतात. साचा मिटला की आतली हवा शोषून घेऊन राळ ओढली जाते आणि कुठेही सांधा नसलेलं अखंड पातं तयार होतं. एवढ्या मोठ्या वस्तूच्या मुळाशी माणसाच्या हाताची सफाई आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. पातं दुप्पट लांब झालं की ते चौपट क्षेत्रातला वारा पकडतं. उत्तर समुद्रातल्या डॉगर बँक प्रकल्पातलं एकेक पातं १०७ मीटरचं, आणि तिथली एक चक्की १३ मेगावॅटची, म्हणजे एकटी अख्ख्या विंडेबीच्या दुपटीहून अधिक.

बाजारपेठ फुगली ती या जोरावर. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापलीकडचा हॉर्नसी-२ हा १.३ गिगावॅटचा प्रकल्प २०२२ मध्ये पूर्ण झाला. चीनने २०२१ या एकाच वर्षात सुमारे १७ गिगावॅटची भर घातली. २०२४ अखेर जगातली एकूण क्षमता ८० गिगावॅटच्या पुढे गेली होती. जिथे पाया घालता येत नाही इतक्या खोल पाण्यासाठी तरंगत्या चक्क्याही आल्या. स्कॉटलंडजवळ अशा पाच चक्क्या २०१७ पासून वीज देत आहेत.

ही चढण सरळ नाही. पोलाद महागलं, व्याजदर चढले आणि २०२३ च्या ब्रिटिश लिलावात समुद्री पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. सरकारने ठरवलेला कमाल दर कोणालाच परवडेना. पुढच्या वर्षी दर वाढवल्यावर कंपन्या परतल्या. स्वस्त वीज अनुभवातून येते; नुसत्या दर पाडण्याने ती येत नाही.

भारताने हे नीट लक्षात घ्यावं. आपलं समुद्री पवनऊर्जा धोरण २०१५ चं. २०२४ मध्ये केंद्राने गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी, बंदरांच्या सुधारणेसह, ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पहिली वीज महाग पडेल, काही यंत्रं बिघडतील, टीकाही होईल. पण अवजड भाग पेलणारी बंदरं, खास क्रेनची जहाजं आणि खवळलेल्या समुद्रात काम करणारे तंत्रज्ञ कागदावर तयार होत नाहीत. म्हणून पहिल्या हजार मेगावॅटचा हिशेब नुसत्या युनिटच्या दराने मांडू नये. त्या कामातून किती माणसं तयार झाली, तेही त्यात धरावं.