संदर्भसूचीतील ग्रंथकार-नोंद : बी. रघुनाथ यांच्या निमित्ताने

पदवी व पदव्युत्तर वर्गांतील प्रकल्प-लेखनात संदर्भसूची हा सर्वांत घाईने उरकला जाणारा भाग होय. वस्तुतः वाचकाला नेमक्या त्याच ग्रंथाच्या त्याच पृष्ठापर्यंत पोहोचविणे हे सूचीचे प्रयोजन आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमानुसार साम्य-तपासणीतून संदर्भसूची वगळली जाते. त्यामुळे तिच्यातील चूक संगणक दाखवीत नाही. ती प्राध्यापकांनाच पाहावी लागते.

खरी अडचण ग्रंथकाराच्या नावाची आहे. ‘आडनाव, नाव’ हा प्रचलित क्रम मराठीत बहुधा चालतो, परंतु टोपणनावापाशी तो अडखळतो. ताडकळस (ता. पूर्णा) परिसरातील विद्यार्थ्याला जवळचे उदाहरण परभणी जिल्ह्यातच सापडते. सातोना येथे 1913 मध्ये जन्मलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी ‘बी. रघुनाथ’ या नावाने लिहीत. यांत ‘बी.’ हे ‘भगवान’चे इंग्रजी आद्याक्षर, तर ‘रघुनाथ’ हे वडिलांचे नाव. ठरीव साच्यात बसवून ‘रघुनाथ, बी.’ अशी नोंद केली की पित्याचे नाव आडनाव ठरते आणि ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी ‘र’ अक्षराखाली जाते. दुसऱ्या प्रकल्पात तीच ‘क’खाली, तिसऱ्यात ‘ब’खाली आढळते. शिवाय नुसते ‘बी’ लिहिल्यास ‘फुलांची ओंजळ’कर्ते नारायण मुरलीधर गुप्ते यांच्याशी गल्लत होते, ती वेगळीच! मराठवाड्याच्या या लेखकाचे समग्र लेखन शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाचे यात मोठेच नुकसान आहे.

म्हणून ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नव्हे, तर आतील शीर्षकपृष्ठावर छापलेले नाव अखंड घ्यावे व मूळ नाव कंसात द्यावे : बी. रघुनाथ (कुलकर्णी, भगवान रघुनाथ). ‘कुलकर्णी’ या नोंदीखाली केवळ ‘पाहा : बी. रघुनाथ’ असे लिहावे. कुसुमाग्रज, केशवसुत यांनाही हाच न्याय लागू आहे.

संतसाहित्यात प्रश्न आवृत्तीचा असतो. गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग नामदेव गाथेत समाविष्ट आहेत. तेव्हा ‘जनाबाई, अभंग’ एवढी नोंद निरर्थक ठरते. प्रत्यक्ष हाताळलेल्या गाथेचे संपादक, प्रकाशक, वर्ष व अभंगक्रमांक आवश्यक आहेत. वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरी आणि सांप्रदायिक प्रती यांत पाठ व ओवीसंख्या भिन्न असल्याने तेथेही संपादकाविना ओवीक्रमांक निरुपयोगी होतो.

जुन्या ग्रंथांवर पुष्कळदा शकवर्षच असते. त्यात 78 मिळवून इसवी सन काढता येतो. मात्र वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत, जानेवारी सुरू झाल्यावर, 79 मिळवावे लागतात. ग्रंथावर महिना नसल्यास शकवर्ष तसेच ठेवून कंसात दोन्ही सन द्यावेत, उदा. शके 1831 (1909-10).